जरा रिव्हर्स घ्या

आमचे साडू कुणाच्या सांगण्यावरून मागे सरले, असं आम्ही आजवर पाहिलं नव्हतं. सोसायटीतल्या पार्किंगचा वाद त्यांनी सहकार न्यायालयापर्यंत नेलेला. टोलनाक्यावर सुट्ट्या पाच रुपयांसाठी मागच्या अर्ध्या किलोमीटरला भोंगे वाजवायला लावलेले. परवा दापोलीहून गुहागरला जाताना दाभोळच्या धक्क्यावर मात्र त्यांची गाठ अर्ध्या चड्डीतल्या, गळ्यात शिट्टी अडकवलेल्या एका खलाशाशी पडली. त्याने काचेवर टकटक केलं आणि सांगितलं, "रिव्हर्स घ्या."

धक्क्याला लागलेल्या बोटीला तोंड एकच. पलीकडे धोपाव्याला उतरताना गाडीचं नाक पुढे हवं असेल, तर इकडे शेपटीकडून आत शिरायचं. या बोटीला इथे जंगलजेट्टी म्हणतात. यात जंगल कुठलं, हे विचारू नये. आमच्या शहरातल्या 'ग्रीन व्हॅली'त तरी ग्रीन कुठे असतं? ही सेवा २००३ साली सुरू झाली. त्याआधी समोर दिसणाऱ्या गावाला मोटार न्यायची, तर खेड-चिपळूणचा वळसा घालावा लागे.

साडूंनी रांग मोडून पहिला नंबर लावला होता. मागचे चिडले, पण साडू म्हणाले, "जगात पुढे घुसल्याशिवाय काही मिळत नाही." त्यानंतर ते मागे जाऊ लागले.

गाडी टॉप मॉडेल. तिचे सगळे सेन्सर एकदम कोकलायला लागले. डावीकडे आंब्याचा टेम्पो, उजवीकडे कठडा, मागे कोळणीची पाटी आणि उतरंडीखाली पाणी. यातल्या पाटीची कल्पना गाडीच्या कंपनीने केलेली नसावी. साडू पडद्याकडे बघत होते, खलाशी साडूंकडे.

"त्या टीव्हीत काय बगताव? माज्याकडं बगा!"

साडूंनी बघितलं. फुर्र, डावीकडे. फुर्र, आणखी मागे. आमच्यानंतर आलेल्या गाडीच्या काचेमागे लाल अक्षरांत 'अध्यक्ष' अशी पाटी होती. कशाचे ते लिहिलेलं नव्हतं, लिहायची गरजही नसते. अध्यक्षही शिट्टीसरशी मागे आले. सत्तेतल्या माणसाला मागे सारायचं काम विरोधी पक्षाला पाच-पाच वर्षं जमत नाही, इथे दोन मिनिटांत झालं.

बोट भरेपर्यंत पंधरा मिनिटं गेली. शांततेसाठी शेकडो किलोमीटर आलेल्या साडूंना ती पंधरा मिनिटं सोसेनात. एसी चालू ठेवून, काचा लावून ते समुद्राकडे पाठ करून बसले. "एवढ्यात पूल बांधून झाला असता," म्हणाले.

एवढ्यात! बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री झाले १९८० साली. रेवसपासून रेड्डीपर्यंत समुद्राच्या काठाकाठाने महामार्ग, हे त्यांचं स्वप्न. स्वप्न चांगलंच होतं, फक्त मध्ये खाड्या होत्या. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड. नकाशात खाडी निळी असते आणि रस्ता लाल. निळ्यावरून लाल रेघ न्यायला पट्टी पुरते, खांब लागत नाहीत. खांब लागतात म्हटल्यावर रेघ थबकली आणि पुढची चाळीस वर्षं नेत्यांनी भाषणांतून खाड्या ओलांडल्या. पूल होईपर्यंतची सोय म्हणून माणसं बोटीत बसली ती बसलीच.

आणि बोट तरी काय वाईट? आमच्या आजीच्या काळी मुंबईहून आगबोट यायची. हर्णैला ती काठाला लागतच नसे. बाहेर उभी राहायची आणि माणसं पडावातून ये-जा करायची. लाट वर आली की खलाशी बाईमाणसाला, ट्रंकेला आणि फणसाला एकाच ममतेने पडावात सोडत. त्या मानाने 'रिव्हर्स घ्या' ही फारच अदबीची भाषा झाली.

बोट सुटली. वाशिष्ठीचं पाणी समुद्राला मिळतं, तिथून वारा आला आणि पलीकडच्या काठाला धुराडी दिसू लागली. साडूंनी काच दोन बोटं खाली केली. "हाच का तो एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प? पण दाभोळ तर मागे राहिलं."

प्रकल्प गुहागर तालुक्यात आहे. दाभोळचं फक्त नाव खाडी ओलांडून गेलं, तेही जंगलजेट्टी नसताना. आणि रिव्हर्सचं म्हणाल, तर या प्रकल्पाइतका सराव कुणालाच नाही. अरबी समुद्रात बुडवायच्या गर्जनांवर निवडणूक झाली, १९९५ साली नव्या सरकारने करार रद्द केला, १९९६ साली त्याच सरकारने तो पुन्हा करून दिला. २००१ साली वीज बंद पडली आणि वर्ष संपायच्या आत तिकडे अमेरिकेत एन्रॉनचंच दिवाळं निघालं. एवढी अवजड गाडी इतक्या वेळा मागे-पुढे झाली, पण शिट्टी कोण वाजवत होतं ते काही दिसलं नाही.

धोपाव्याला फळी पडली. आधी दुचाकी गेल्या. मग पाट्या घेऊन कोळणी. मग आंब्याचा टेम्पो. मग अध्यक्ष. एका तोंडाच्या बोटीत जो पहिला शिरतो तो सगळ्यांत आत जातो, आणि जो सगळ्यांत आत तो सगळ्यांत शेवटी बाहेर पडतो, हा साधा हिशोब साडूंच्या ध्यानात आला तेव्हा त्यांच्यापुढे पाच गाड्या होत्या. त्यांनी हॉर्न वाजवला. खलाशाने वळूनही पाहिलं नाही.

शेवटी आम्ही बाहेर पडलो. दाभोळला जाणाऱ्या गाड्यांची रांग चढावर लागली होती. मुंबईच्या पाटीची एक चकचकीत गाडी जवळ आली, काच खाली झाली.

"काय हो, फार वेळ लागतो का?"

"छे, छे," साडू अत्यंत आपुलकीने म्हणाले. "फक्त रांगेत थांबू नका. सरळ पुढे घुसा आणि पहिला नंबर लावा."