आयजीच्या जिवावर बायजी उदार

परवा कामावर आमच्या वेबसाइटचं बंडल उघडून बसलो होतो. बंडल अ‍ॅनलायझर नावाचं साधन ब्राउझरकडे जाणाऱ्या सगळ्या कोडचा नकाशा काढतं. प्रत्येक लायब्ररीचा एक रंगीत चौकोन असतो, आणि जितकं वजन जास्त तितका चौकोन मोठा. आमच्या टीमनं महिनोन्‌महिने खपून लिहिलेला कोड एका कोपऱ्यात होता. सगळ्यात ऐसपैस चौकोन दोन होते, एक लोडॅशचा आणि दुसरा मोमेंटचा.

लोडॅशमधलं आम्ही वापरत होतो एकच फंक्शन, डिबाउन्स. सर्चच्या खोक्यात माणूस टाइप करत असताना दर अक्षराला सर्व्हरकडे धावायचं नाही, तो थांबला की मगच जायचं, एवढंच त्याचं काम. कोडमधली ओळही साधी होती: लोडॅशमधून डिबाउन्स इम्पोर्ट करा. वाचणाऱ्याला वाटतं, एकच वस्तू घेतली. पण लोडॅशचं नेहमीचं पॅकेज जुन्या कॉमनजेएस पद्धतीचं आहे. त्यातलं काय लागणार आणि काय नाही, हे बंडल बांधणाऱ्या साधनाला, म्हणजे बंडलरला, कोड न चालवता खात्रीनं सांगता येत नाही. खात्री नसली की तो सगळंच बांधून देतो. म्हणून एका फंक्शनपायी मिनिफाय केल्यानंतरही सत्तर केबीच्या आसपास माल गेला. डिबाउन्स आणि त्याला लागणारी दोन-चार छोटी फंक्शनं दोन-तीन केबीत मावतात.

इलाज बिल्डच्या वेळी होतो आणि तो सोपा आहे. बॅबेलचं एक छोटं प्लगइन ती ओळ वाचतं आणि बंडलरच्या हाती देण्याआधी बदलतं: लोडॅशमधून डिबाउन्स नको, थेट लोडॅशच्या डिबाउन्स फाइलमधून घे. डेव्हलपरला सोयीची ओळ तशीच दिसते आणि बंडलरला नेमका पत्ता मिळतो. सेटिंगच्या दोन-चार ओळी लिहिल्या की संपूर्ण प्रकल्पातल्या अशा सगळ्या ओळी दुरुस्त होतात. लोडॅशसाठी असं प्लगइन कित्येक वर्षं तयार आहे, अँट डिझाइनसाठी आहे, आणि कुठल्याही लायब्ररीला नियम लावता येईल असंही आहे. नेक्स्टजेएसनं १३.५ या आवृत्तीत, २०२३ मध्ये, हे काम फ्रेमवर्कच्या आतच घेतलं. इतकं सगळं हाताशी असताना सत्तर केबी पाठवणं हा हलगर्जीपणा आहे. मी त्याला दुसरं नाव देणार नाही.

यावर मीटिंगमध्ये हमखास उत्तर मिळतं, "पण आपल्याकडे ट्री शेकिंग आहे ना?" आहे. २०१५ मध्ये रोलअप या बंडलरनं हा शब्द घरोघरी पोचवला: झाड हलवायचं, सुकलेली पानं गळून पडतात. पण पान सुकलंय हे आधी कळायला हवं. त्यासाठी लायब्ररी ईएस मॉड्यूलमध्ये लिहिलेली हवी, कारण तिथे इम्पोर्टच्या ओळी वाचूनच नातं कळतं. शिवाय नुसतं इम्पोर्ट केल्यानं दुसरीकडे काही घडत नाही, याची हमी लायब्ररीनं द्यायला हवी. ती हमी देण्याची खूण वेबपॅक या बंडलरनं २०१८ मध्ये, चौथ्या आवृत्तीत आणली. ती नसेल तर बंडलर भीतीपोटी पानं झाडावरच ठेवतो.

त्यात भर बॅरल फायलींची. म्हणजे अशी एक प्रवेशफाइल, जी बाकीच्या शेकडो फायली आत ओढते आणि एकाच दारातून बाहेर देते. मटेरियल यूआयच्या आयकॉनच्या पॅकेजमध्ये दोन हजारांहून जास्त आयकॉन आहेत, आणि भरीव, गोलाकार, नुसत्या रेषेची अशी त्यांची रूपं वेगळीच. तुम्हाला हवा एक कचऱ्याचा डबा. मोठ्या दारातून आत शिरलात तर अंतिम बंडल हलकं झालं तरी डेव्हलपरच्या मशीनवर बिल्ड रखडतो, कारण बंडलरला ती सगळी यादी आधी वाचावीच लागते. नेमका पत्ता दिला तर त्या दाराशी जायचीच गरज नाही.

आता दुसरा चौकोन. मोमेंट आम्ही घेतलं ते मराठीत तारीख दाखवायला. त्यात मराठीची फाइल आहे, आणि ती चांगली आहे. पण भाषेची फाइल कोणती आणायची हे मोमेंट कोड चालताना ठरवतं. त्यामुळे वेबपॅकनं शंभराहून जास्त भाषांच्या सगळ्याच फायली भरल्या. आमच्या मराठी वाचकाला आम्ही आइसलँडिकचे महिने पाठवत होतो. बिल्डच्या सेटिंगमध्ये "फक्त मराठी घे" असं सांगितलं आणि तो चौकोन आक्रसला. मोमेंटच्या कर्त्यांनीच २०२० मध्ये जाहीर केलं की नव्या प्रकल्पात दुसरं काही वापरा, आणि कारणांमध्ये हे वजनही सांगितलं. त्यांचा हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो.

"हल्ली नेट फास्ट आहे" म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट करून पाहावी. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये सीपीयू सहापट मंद करा, नेटवर्कही मंद करा, आणि आपलंच पान उघडा. मी उघडलं. सर्चचं खोकं दिसलं. त्यात बोट टेकवलं, अक्षर उमटेना. पुन्हा टेकवलं, तरी नाही. कारण सगळे केबी सारखे नसतात. जावास्क्रिप्टइतक्याच केबीचा फोटो उतरला की तो उलगडून दाखवायचा, बहुतेक काम संपलं. जावास्क्रिप्ट उतरल्यावर ती वाचावी लागते, तयार करावी लागते, चालवावी लागते, आणि हे सगळं समोरच्याच्या फोनला करावं लागतं. आमच्या ऑफिसातल्या महागड्या लॅपटॉपवर ते जाणवत नाही. स्वस्त फोनवाल्याला प्रत्येक पानावर जाणवतं. डेटा त्याचा, बॅटरी त्याची, वेळ त्याचा, सोय आमची.

प्लगइनलाही मर्यादा आहेत, त्या लपवायला नकोत. लायब्ररीनं पुढच्या आवृत्तीत फोल्डर हलवले की पत्ता चुकतो आणि बिल्ड मोडतो. प्रवेशफाइल सुरुवातीची काही जुळवाजुळव करत असेल, तर थेट आत शिरल्यानं ती राहून जाते. म्हणून बदल केल्यावर पानं उघडून तपासा. आणि लायब्ररी लिहिणाऱ्यांनो, खरं औषध तुमच्या हातात आहे: ईएस मॉड्यूल द्या, ती हमीची खूण लावा. पत्ते बदलत बसण्याची वेळच येणार नाही.

टीम लीडकडे माझी एकच मागणी आहे. वजनाची मर्यादा ठरवा आणि ती ओलांडली की बिल्ड नापास होऊ द्या. टेस्ट नापास झाली तर आपण रिलीज थांबवतो, तसंच. नवं पॅकेज आणणाऱ्याला रिव्ह्यूमध्ये पहिला प्रश्न विचारा, याचं वजन किती? केबी थेंबाथेंबानं साचतात आणि तळं झाल्यावर उपसायला कुणाकडे वेळ नसतो.

आम्ही दोन सेटिंग बदलली आणि नकाशा पुन्हा काढला. या वेळी सगळ्यात मोठा चौकोन आमच्या स्वतःच्या कोडचा होता. आता वजन वाढलं तर बोट आमच्याकडेच दाखवता येईल. तसंच असायला हवं.