शुक्रवार पेठकरांसाठी बेट-पर्यटनाचे विधिनियम

पाण्याने वेढलेल्या भूमीवर जावे, तेथील ऐतिहासिक अवशेष आणि निसर्ग यांचे अवलोकन करावे, त्यांच्याकडे पाठ करून छायाचित्रे काढावीत आणि परतल्यावर ती नातेवाइकांना, त्यांची इच्छा असो वा नसो, सक्तीने दाखवावीत, या चतुर्विध कर्माला बेट-पर्यटन असे म्हणतात. ग्रीसमधील सँटोरिनी हे बेट या क्षेत्रात सध्या अग्रगण्य मानले जाते आणि त्याचे उपासक आता सोलापूरच्या शुक्रवार पेठेतही आढळू लागले आहेत. प्रस्तुत विवेचन सर्वांसाठी खुले असले, तरी त्याचा खरा रोख एका विशिष्ट प्रकारच्या गृहस्थावर आहे. या गृहस्थाने सहल कंपनीच्या झेंड्यामागे चालत एजियन समुद्रातील बेट पाहिलेले असते. परंतु स्वतःच्या पेठेतून चालत गाठता येणारे बेट त्याने लग्नपत्रिका देवापुढे ठेवण्याच्या निमित्तापलीकडे कधी पाहिलेले नसते. "सोलापुरात बघण्यासारखं काय हाय?" हे त्याचे पाहुण्यांसाठीचे राखीव वाक्य असून ते तो प्रश्न म्हणून नव्हे, तर निकाल म्हणून उच्चारतो.

सर्वप्रथम प्रस्थानाचा विचार करावा. शुक्रवार पेठेतील माणिक चौकात आजोबा गणपती आहे. त्याच्या सार्वजनिक उत्सवाची सुरुवात 1885 मधली, म्हणजे लोकमान्य टिळकांनी पुण्यात हा उत्सव उभा करण्याच्या आधीची, असे सोलापूरकर सांगतात आणि पुणेकर समोर असल्यास जरा मोठ्याने सांगतात. येथे नमस्कार करून निघावे. पारपत्र, व्हिसा आणि विमा यांची गरज नाही. होडीचीही नाही, कारण सिद्धेश्वर तलावातील मंदिराकडे पायी जाता येते. यावर एखादा विद्वान असा आक्षेप घेईल की, ज्या जागी चालत जाता येते तिला बेट म्हणणे शास्त्रसंमत नाही. त्याला शांतपणे सांगावे की, ग्रीसमधील लेफ्काडा या बेटावर मोटारीत बसून जाता येते, युबिया या मोठ्या बेटालाही मुख्य भूमीशी जोडणारे पूल आहेत आणि तरीही ग्रीक लोकांनी या दोहोंची नावे बेटांच्या यादीतून काढलेली नाहीत. आक्षेपक तरीही वाद घालू लागल्यास तो बहुधा मूळचा सोलापूरचाच निघतो.

बेटावर पोहोचल्यावर ते कोणाचे, हे जाणून घ्यावे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर नावाचे शिवयोगी येथे होऊन गेले. महात्मा बसवेश्वरांच्या काळातील शरणांमध्ये त्यांची गणना होते आणि त्यांची वचने, म्हणजे छंदाच्या बंधनाबाहेर राहून थेट बोलणाऱ्या छोट्या रचना, कन्नड भाषेत आहेत. गावाचे तेव्हाचे नाव सोन्नलगी. सिद्धरामेश्वरांनी गावात आणि परिसरात अडुसष्ट लिंगांची स्थापना केली आणि लोकांना हाताशी धरून हा तलाव खोदवला, अशी परंपरा आहे. पर्जन्यछायेच्या, म्हणजे डोंगराने पाऊस अडवल्यामुळे कोरड्या राहणाऱ्या, मुलखात जन्मलेल्या संताने मोक्षाइतकेच महत्त्व पाण्याला द्यावे, यात नवल नाही. ज्या शहरात आजही नळाला किती दिवसांआड पाणी येणार यावर घरातील धुण्याचे, पाहुण्यांचे आणि भांडणांचे वेळापत्रक ठरते, त्या शहराने आठशे वर्षांपूर्वीच्या या कामाकडे निदान एकदा नीट पाहावे, इतकी अपेक्षा गैर ठरू नये. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट पाण्यात सोडणाऱ्याने मात्र पाहिले नाही तरी चालेल. त्याने घरीच बसावे.

बेटाच्या मध्यभागी सिद्धरामेश्वरांची समाधी आहे. तुलनेसाठी ग्रीसमधील डिलॉस बेटाचा उल्लेख येथे उपयुक्त ठरेल. अपोलो देवाचे जन्मस्थान मानलेल्या त्या बेटावर अथेन्सकरांनी इसवी सनपूर्व 426 मध्ये जुन्या कबरी उकरून दुसरीकडे हलवल्या आणि यापुढे येथे कोणी जन्मू नये व कोणी मरू नये, असा हुकूम काढला. सोलापूरच्या बेटाने इतका सोवळेपणा कधी केला नाही. येथे समाधीही आहे, बारशाला आणलेले बाळही आहे, जावळ काढलेले पोरही आहे, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी अचानक भाविक झालेला विद्यार्थीही आहे.

तलावाच्या पश्चिमेला भुईकोट किल्ला आहे. डोंगराच्या आधाराशिवाय सपाट जमिनीवर बांधलेल्या किल्ल्याला भुईकोट म्हणतात. अशा किल्ल्याला उंचीचे संरक्षण नसल्यामुळे सर्व भिस्त तट आणि खंदक यांवर ठेवावी लागते. येथे तट दुहेरी आहे, पूर्वेकडे तलाव आणि उरलेल्या बाजूंना रुंद खंदक आहे. ग्रीसमधील ऱ्होड्स बेटावर धर्मयोद्ध्यांच्या शहराभोवतीचा खंदक पाहण्यासाठी आपला गृहस्थ मुद्दाम जातो आणि त्याच्या तळाशी उभा राहून "बाप रे, काय खोदलंय" असे म्हणतो. स्वतःच्या गावातल्या खंदकाकडे तो रिक्षातून जाताना नाकाला रुमाल लावून पाहतो. बहमनी काळात उभा राहिलेला हा किल्ला पुढे निजामशाही आणि आदिलशाही यांच्या ओढाताणीत सापडला. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण दिला. आंदण, म्हणजे लेकीच्या लग्नात माहेरकडून दिलेली चीजवस्तू. पुढे यावरूनही दोन्ही घराण्यांत कुरबुरी झाल्याच. व्याह्यांना किल्ला दिला तरी ते समाधानी होतीलच असे नाही, हा बोध उपवर मुलींच्या पित्यांनी येथे अवश्य घ्यावा. 1818 च्या मे महिन्यात इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने किल्ला घेतला आणि पेशवाईची या भागातील शेवटची तटबंदी मोडली. ऐन मे महिन्यात सोलापुरात लढाई करणाऱ्या दोन्ही बाजूंच्या सैनिकांबद्दल, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, वाचकाने क्षणभर सहानुभूती बाळगावी.

किल्ल्यात जुन्या मंदिराचे कोरीव अवशेष आहेत. ते सावकाश पाहावेत. तटावर स्वतःचे आणि प्रेयसीचे नाव खिळ्याने कोरू नये; पुरातत्त्व खात्याचा कायदा त्यास मनाई करतो आणि पुढे लग्न दुसऱ्याच व्यक्तीशी झाल्यास तट कोणालाही बदलून मिळत नाही.

वेळेचा नियम अत्यंत कडक आहे. ग्रीक बेटांवर दुपारी दुकाने मिटतात, माणसे झोपतात आणि मोठ्याने बोलणे असभ्य समजले जाते. आपल्या गृहस्थाला ही संस्कृती फार आवडते. मार्च ते जून या काळात सोलापुरातही दुपारी हेच घडते, पण येथे त्याला तो आळस वाटतो. या महिन्यांत तापमान 42 अंशांपलीकडे सहज जाते, म्हणून बेट पहाटे पाहावे किंवा सूर्यास्तानंतर पाहावे. मंदिराच्या आवारातील फरशी उन्हात अशी तापते की अनवाणी पर्यटक देवाकडे चालत न जाता उड्या मारत जातो. सोबत जाड पायमोजे ठेवणारा माणूस दूरदर्शी समजावा. सँटोरिनीतील ईया गावात सूर्य समुद्रात बुडताच जमलेले लोक टाळ्या वाजवतात. एप्रिलमधील सोलापूरकराच्या मनातही सूर्य मावळताना टाळ्याच वाजतात, परंतु त्यांचा सौंदर्यशास्त्राशी संबंध नसतो.

किल्ल्यापासून जवळच चार पुतळे आहेत. 1930 च्या मे महिन्यात सोलापूरकरांनी इंग्रजी सत्तेला असा दणका दिला की शहरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, पुकारावा लागला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली. या चार नावांवरून हात फिरवला तरी या शहराच्या पेठा समजतात. येथे छायाचित्र काढायचे असल्यास आधी नावे वाचावीत. या स्थळी विनोद करण्याचा नियम नाही.

आता निसर्ग. सँटोरिनी हे ज्वालामुखीच्या स्फोटाने खचलेल्या विवराच्या काठावर वसले आहे आणि तेथील काळ्या खडकाचे कौतुक मार्गदर्शक तासभर करतो. सोलापूरही लाव्ह्यावरच बसलेले आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून थरावर थर पसरलेल्या तप्त रसाचा जो खडक झाला, त्या दख्खनच्या बसाल्टवर सगळी पेठ उभी आहे. सँटोरिनीचा प्रसिद्ध स्फोट जेमतेम साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे या हिशेबाने कालपरवाचा. फरक इतकाच की तेथे त्या खडकाला पांढरा चुना फासून त्याच्या खोल्या युरोमध्ये भाड्याने देतात आणि येथे लाव्ह्याच्या खडकात बोअर मारून पाणी लागत नाही म्हणून नशिबाला दोष देतात.

ज्यांना बेटाबाहेरही पाहायचे आहे त्यांनी बार्शी रस्त्याने सुमारे 20 किलोमीटरवरील नान्नजला जावे. 1979 मध्ये येथील गवताळ माळ माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य म्हणून राखण्यात आला. माळढोक म्हणजे उडू शकणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. तो आता येथे दिसणे ही जवळजवळ दंतकथा झाली आहे आणि या वाक्यात विनोद शोधू नये. काळवीट मात्र भेटतात, लांडगाही नशिबात असल्यास दिसतो. माळावर झाडे नाहीत म्हणून तो पडीक, असे समजणाऱ्या पाहुण्यास गाडीतच बसवून ठेवावे. हिवाळ्यात भीमेवरील उजनीच्या फुगवट्यात रोहित पक्षी उतरतात. रोहित म्हणजे तोच गुलाबी पक्षी, ज्याच्या चित्राचा सदरा घालून आपला गृहस्थ ग्रीसला गेला होता.

आहाराबाबत संक्षेपाने सांगायचे तर, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. गृहस्थाने या दोन्ही वस्तू विमानात नेल्या होत्या आणि तेथील हॉटेलात, ऑलिव्हची वाटी बाजूला सारून, त्यांवरच दिवस काढले होते. तेव्हा त्याच्या देशभक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. चटणी मात्र उखळात कुटलेली घ्यावी. भाजलेले दाणे, लाल तिखट, लसूण, जिरे आणि मीठ हळूहळू कुटताना दाण्याचे तेल सुटते आणि चटणीचा गोळा होऊ लागतो. मिक्सरमध्ये फिरवल्यास कोरडा भुगा मिळतो, ज्याला चटणी म्हणणे सौजन्याचे असले तरी सत्याचे नव्हे.

पाहुण्याला स्टेशनवर उतरवून घेताच 45 किलोमीटरवरील तुळजापूरला, तेथून अक्कलकोटला आणि जमल्यास पंढरपूरला पिटाळून, रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसवून देण्याची जी स्थानिक पद्धत आहे, ती या मार्गदर्शिकेस मान्य नाही. ज्याच्या नावाच्या गाडीने पाहुणा परत जातो त्याचे बेट त्याने पाहिलेले नसावे, हे यजमानाला शोभत नाही.

सर्वोत्तम काळ मकर संक्रांतीचा. तेव्हा भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, एकट्याच्या बळावर तोलत मिरवतात. वेगवेगळ्या काठ्यांचा मान वेगवेगळ्या समाजांकडे आहे. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. त्यानंतर तलावाकाठच्या संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांचा योगदंड आणि त्यांना वरलेली कुंभारकन्या यांचा प्रतीकात्मक विवाह लागतो. विवाहाचे विधी कन्नडमध्ये, गर्दीतली भांडणे मराठीत आणि तेलुगूत, आणि अक्षता मात्र सगळ्यांच्या एकाच वेळी पडतात. पुढे होम मैदानावर होम होतो, शोभेचे दारूकाम होते, पाळणे फिरतात. त्या गर्दीत आपला गृहस्थही असतो. तो दरवर्षी असतो. खांद्यावर नातू असतो, डोळे भरलेले असतात आणि कोणी हटकल्यास तो म्हणतो की, पोराला पाळण्यात बसायचं होतं लका, म्हणून आलो.

तेव्हा ग्रीसला जाणाऱ्यांनी जरूर जावे. बेटे सुंदर आहेत आणि तिकिटे आधी काढल्यास स्वस्त पडतात. फक्त जानेवारीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यातील तिकीट काढू नये.