ट्रान्स अल्बमवर नाराज कसं व्हावं: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

तुम्ही नुकतंच ट्रान्स ऐकायला लागला आहात, एखाददुसऱ्या ब्रेकडाउनला अंगावर काटाही येऊन गेला आहे, आणि आता लाडक्या डीजेचा स्टुडिओ अल्बम येणार असल्याची बातमी कानावर आली आहे. अभिनंदन. खुशीत ऐकण्याचे दिवस संपले. अल्बम आला की चाहत्याला मत असावं लागतं, आणि या जगात मत म्हणजे नाराजी. 'मला आवडला बुवा' असं म्हणणारा माणूस काल आलेला आहे हे जुन्यांना लगेच कळतं. तशी फजिती होऊ नये म्हणून ही मार्गदर्शिका.

सरावाला एक जुना, चारही बाजूंनी शिव्या खाल्लेला अल्बम घेऊ: टिएस्टोचा 'कलायडोस्कोप', ऑक्टोबर २००९.

पूर्वतयारी

आधी थोडं पाठांतर. टिएस्टो म्हणजे नेदरलँड्समधल्या ब्रेडा गावचा टाइस फरवेस्ट, जन्म १९६९. 'डीजे मॅग'च्या शंभरांच्या यादीत २००२, २००३ आणि २००४ अशी सलग तीन वर्षं पहिला. मे २००३ मध्ये आर्नहेमच्या खेलरेडोममध्ये २५,००० लोकांपुढे रात्रभर एकटा वाजवत होता. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकच्या उद्घाटनात खेळाडूंच्या संचलनाला त्याचं संगीत होतं, आणि डच खेळाडू चालायचं सोडून त्याच्यासमोर नाचायला लागले तेव्हा त्यांना पुढे ढकलावं लागलं. हे सगळं तोंडपाठ हवं, कारण 'हा माणूस काय होता आणि काय झाला!' या वाक्याचा पूर्वार्ध त्याशिवाय भरत नाही.

गाण्यांची नावंही माहीत हवीत. 'फ्लाइट ६४३', 'सबर्बन ट्रेन', 'ट्रॅफिक', 'डॅलस ४ पीएम'. यादी वाचून एखाद्या वाहतूक खात्याच्या कारकुनाने केली असावी असं वाटेल, पण हसू नका. 'सबर्बन ट्रेन' पहिल्यांदा विरार फास्टमध्ये उभ्याने ऐकलं असेल तर ते मात्र जरूर सांगा, त्याला मान आहे.

ब्रेकडाउन म्हणजे काय, आणि अल्बममध्ये तो का गुदमरतो

नाराजीला पाया हवा, म्हणून इथे जरा वेळ थांबू.

ट्रान्सचं गाणं क्लबमध्ये वाजवण्यासाठी बनतं तेव्हा त्याचं पहिलं मिनिटभर गाणं असं काही नसतंच. नुसती किक, तिच्यावर हाय-हॅट, मागून बेस. कारण ही जागा ऐकणाऱ्याची नाही, डीजेची आहे: आधीचं गाणं अजून चालू असतं आणि त्याच्या पोटात हे सरकवायचं असतं. हिशोब असा. मिनिटाला १३८ ठोके, चार ठोक्यांचा एक बार. असे ३२ बार म्हणजे १२८ ठोके, म्हणजे जवळपास ५६ सेकंद. तेवढ्यात दोन गाण्यांचे ठोके एकमेकांवर बसवायचे, एकाचा बेस काढायचा, दुसऱ्याचा सोडायचा. शेवटीही तशीच रिकामी जागा, पुढच्या गाण्यासाठी.

मध्यावर कधीतरी किक नाहीशी होते. हा ब्रेकडाउन. पायाखालचं काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं, नाचणारे थबकतात, आणि लांब पसरलेल्या सुरांवर धून येते. मग तीच धून सुपरसॉच्या आवाजात: करवतीच्या दात्यांसारखी लहर, तिच्या सात प्रती किंचित बेसूर करून एकत्र वाजवलेल्या. रोलंड कंपनीच्या 'जेपी-८०००' सिंथेसायझरने हा आवाज जगाला दिला आणि ट्रान्सवाल्यांनी तो झिजेपर्यंत वापरला. खालून स्नेअर सुरू होतो, आधी ठोक्याला एक, मग दोन, मग चार, मग मोजता येत नाही इतका. वाऱ्यासारखा एक आवाज सुसाट वर चढतो. अर्धा ठोका पूर्ण शांतता. आणि किक परत. त्या क्षणी शेजारचा अनोळखी मुलगा तुमचा खांदा घट्ट धरतो, तुम्हीही त्याचा धरता, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

आता हेच साडेतीन मिनिटांत बसवून दाखवा. नाही बसत. डीजेची जागा कापली जाते, ब्रेकडाउन आखडतो, आणि उरलेली पोकळी भरायला कुणीतरी गायला लागतं. माझं प्रामाणिक मत असं की ट्रान्सच्या अल्बमवरचे निम्मे राग हे डीजेवरचे नसून कात्रीवरचे असतात. पण हे चारचौघांत बोलू नका. समजूतदार माणसाचं कुणी ऐकत नाही.

एक अपवाद ठेवा, म्हणजे तुमच्या बोलण्याला वजन येईल: २००४ च्या 'जस्ट बी'मधलं 'अडाजिओ फॉर स्ट्रिंग्ज'. सॅम्युएल बार्बरने १९३६ साली लिहिलेल्या तंतुवाद्यांच्या चौकडीतला संथ भाग टिएस्टोने उचलला आणि त्याला लांबी दिली. त्याला ऐटीत पसरू दिलं आहे. आणि कुणी कौतुक करायला लागलंच तर शांतपणे म्हणा, 'हो, पण फेरी कोर्स्टनने विल्यम ऑर्बिटच्या आवृत्तीचं रिमिक्स १९९९ मध्येच केलं होतं.' पुढचा अर्धा तास तुमचा.

पहिलं श्रवण

गाणं लावण्याआधी पाहुण्यांची नावं वाचा. पुष्कळांचं मत तिथेच तयार होतं आणि ऐकण्याचा वेळ वाचतो. 'कलायडोस्कोप'च्या नावांवर २००९ मध्ये अनेकांनी तेच केलं. शीर्षकगीताला आइसलँडच्या 'सिगुर रोस'चा योन्सी, 'ब्लॉक पार्टी'चा केली ओकेरेके, कॅनडाच्या जुळ्या बहिणी टीगन आणि सारा, 'मेट्रिक'ची एमिली हेन्स, नेली फुर्टाडो, कॅल्विन हॅरिस. गिटारवाले लोक! सतरा गाणी, आणि १३८ ची वाट बघणाऱ्याला एकही गाडी थांबत नाही. त्याच सुमारास टिएस्टोने स्वतः उभी केलेली 'ब्लॅक होल' कंपनी सोडून नवी कंपनी काढली होती, त्यामुळे 'पैशासाठी विकला गेला' हे वाक्य आयतंच हाताशी आलं.

खरं सांगायचं तर योन्सीचा तो उंच, पातळ आवाज त्या पहिल्या गाण्यात ज्या तऱ्हेने उलगडत जातो ते मला अजूनही सुंदर वाटतं. 'फील इट इन माय बोन्स' हेही चांगलं गाणं आहे. पहाटे तीन वाजता हात वर करून उभ्या असलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही, एवढंच. नवशिक्याने हा फरक मनात ठेवावा, ओठांवर आणू नये.

दुसरं श्रवण ऐच्छिक आहे.

मत कसं द्यावं

नियम एकच: चांगला अल्बम म्हणजे आधीचा. २००७ च्या 'एलिमेंट्स ऑफ लाइफ'ला नावं ठेवताना 'जस्ट बी' आठवावा, 'जस्ट बी'ला ठेवताना २००१ चा 'इन माय मेमरी', आणि त्याला ठेवताना 'मॅजिक' या मिक्स-सीडी. मॅजिकच्याही मागे जाणारा कुणी भेटला तर नमस्कार करून निघून यावं. नियम पुढच्या दिशेनेही चालतो. 'कलायडोस्कोप'वर तोंडसुख घेतलेले काहीजण नंतरचे अल्बम ऐकून 'निदान त्यात तरी सूर होते' असं म्हणताना मी ऐकले आहेत.

आयडीचं दुःख वेगळं. डीजे सेटमध्ये एखादं अप्रकाशित गाणं वाजवतो, ट्रॅकलिस्ट लिहिणाऱ्यांना नाव कळत नाही, म्हणून तिथे फक्त 'आयडी' लिहिलं जातं. तुम्ही महिनोन्महिने त्या खरखरीत रेकॉर्डिंगवर जगता, मागच्या लोकांच्या आरोळ्यांसकट धून पाठ होते. मग अल्बम येतो, गाणं मिळतं, आणि त्याच्यावर कुणीतरी पाऊस, तारे आणि तुझे डोळे यांबद्दल गात असतं. आरोळ्याच बऱ्या होत्या, असं वाटणं या टप्प्यावर स्वाभाविक आहे.

घराणं निवडा

तटस्थ राहता येणार नाही. एका बाजूला रेडिओवाले, दुसऱ्या बाजूला १३८ वाले, ज्यांना वेग कमी झालेला सहन होत नाही. टिएस्टोसारखाच डच डीजे असलेल्या आर्मिन फान ब्यूरेनने २०१३ मध्ये त्यांच्याचसाठी 'हूज अफ्रेड ऑफ १३८?!' नावाचं वेगळं लेबल काढलं. त्याच वर्षीच्या त्याच्या 'इन्टेन्स' अल्बममधलं ट्रेव्हर गथ्रीने गायलेलं गाणं रेडिओवर धो धो वाजत होतं आणि ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत गेलं. एका हाताने रेडिओ, दुसऱ्या हाताने १३८. आर्मिन कायद्याचा पदवीधर आहे, दोन्ही पक्षकार कसे सांभाळायचे हे त्याला कळतं.

दुसरी युक्ती टोपणनावाची. अल्बमवर स्वतःचं नाव, जुन्यांना हवं ते 'गाया'च्या नावावर, हे आर्मिनचं. टिएस्टोने २०२० मध्ये आडनावाचे तुकडे पाडून 'फर:वेस्ट' नाव घेतलं. केशवसुतांपासून कुसुमाग्रजांपर्यंत टोपणनावांवर वाढलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये.

स्थानिक सूचना

महाराष्ट्र-गोव्यातल्या चाहत्यांना एक जास्तीचा हक्क आहे: 'हे सगळं आमच्या हणजुण्याच्या, म्हणजे अंजुनाच्या, किनाऱ्यावर सुरू झालं.' अर्धसत्य आहे, पण चालतं. 'अबव्ह अँड बियाँड' या ट्रान्स त्रिकुटाच्या लंडनच्या लेबलचं नावच 'अंजुनाबीट्स' आहे, पुरावा म्हणून पुरे.

अडचण वेळेची. उघड्यावरचा लाउडस्पीकर आपल्याकडे रात्री दहाला बंद होतो. सनबर्न महोत्सव गोव्यातल्या वागातोरहून डिसेंबर २०१६ मध्ये पुण्याजवळ केसनंदला आला, पण नियम तोच. 'इन सर्च ऑफ सनराइज' या मिक्स-सीडींच्या मालिकेचे पहिले सात भाग टिएस्टोने केले. आपल्याकडे त्या सूर्योदयाचा शोध पावणेदहाला आवरता घ्यावा लागतो आणि पार्किंगमधून बाहेर पडेपर्यंत बारा वाजतात.

शंकासमाधान

*अल्बम मनापासून आवडला तर?* हेडफोन लावा. कुणी विचारलंच तर 'एक्स्टेंडेड मिक्स येऊ देत, मग बोलू' म्हणा.

*अल्बम न ऐकता मत दिलं तर चालेल का?* चालतं. गाण्यांची लांबी मात्र बघून ठेवा, कुणीतरी विचारतं.

*आणि डीजे खरोखरच ट्रान्सकडे परत आला तर?* हे घडलेलं आहे. टिएस्टोने मे २०२५ मध्ये लास वेगासच्या ईडीसी महोत्सवात 'इन सर्च ऑफ सनराइज' नावाने सेट केला, तोही सूर्योदयाला. अशा वेळी गोंधळून जाऊ नका. जुनी गाणी वाजवली तर विचारा, नवं काही सुचत नाही का? नवी वाजवली तर विचारा, 'सबर्बन ट्रेन' कुठे आहे?