भाजीच आहे ती!

अटलांटात राहायला आलो त्याच आठवड्यात शेजारच्या आजींनी विचारलं, ‘पालेभाजी खाता ना?’ म्हटलं, आम्ही शाकाहारीच. आजी हरखल्या. संध्याकाळी झाकलेलं पातेलं घेऊन दारात हजर. भाजी काळपट हिरवी, वास चुलीपाशी बसल्यासारखा. डाव घातला तर तळाला हाड.

‘आजी, यात मांस आहे?’

‘छे रे, भाजीच आहे ती. हॅम हॉक नुसता चवीला.’

हॅम हॉक म्हणजे डुकराच्या घोट्याचा खारवलेला, धुरी दिलेला तुकडा. आपण आमटीत कढीपत्ता घालतो नि ताटाच्या कडेला काढून ठेवतो, तसं त्यांचं डुक्कर. पुढच्या खेपेला आजींनी आमच्या धर्माची काळजी घेऊन टर्कीचा पाय घातला.

त्यांना तरी काय बोलणार? इथल्या ‘मीट अँड थ्री’ खाणावळींत एक मांस नि तीन भाज्या मिळतात, आणि त्या भाज्यांच्या यादीत चीज घातलेली मॅकरोनी बिनदिक्कत बसलेली असते.

शेवटी मीच शिकायला गेलो. कॉलर्ड ही कोबीची भाऊबंद, पण गड्डा न धरणारी. साउथ कॅरोलायनानं तर २०११ साली तिला राज्याची भाजी केलं. पानं सुपाएवढी आणि पोटात वाळू. आजी तीन पाण्यांतून काढतात. मी दोनांत उरकली आणि घरादारानं कचकच चावली. मग जाड देठ ओढून काढायचे, पानं एकावर एक रचून अळूवडीसारखी गुंडाळायची नि चिरायची. कांदा, लसूण, सुक्या मिरचीचा चुरा, थोडं व्हिनेगर. हाडाऐवजी मी धुरी दिलेली मिरपूड घातली. डोंगराएवढा पाला वाटीभर होतो, हे मात्र मला मेथीनं आधीच शिकवलं होतं.

‘किती वेळ शिजवायची?’ ‘होईपर्यंत.’ तासभर झाला तसा मी जीवनसत्त्वांचा विषय काढला. आजी म्हणाल्या, ‘जातील कुठे? रश्श्यातच आहेत.’ या रश्श्याला नाव आहे ‘पॉट लिकर’. सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेल्या माझ्या आईनं त्यातलं ‘लिकर’ तेवढं ऐकलं आणि वाटी दूर सारली.

समजूत घातल्यावर चाखली, आणि थेट मक्याच्या भाकरीकडे हात गेला. भाकर रश्श्यात बुडवायची की कुस्करायची, यावरून १९३१ साली लुइझियानाचे गव्हर्नर ह्युई लाँग आणि इथलं ‘अटलांटा कॉन्स्टिट्यूशन’ हे वर्तमानपत्र यांची जाहीर जुंपली होती. लाँग बुडवणारे, संपादक कुस्करणारे. आईनं ते सगळं ऐकून घेतलं नि म्हणाली, ‘बुडवायला ती काय खारी आहे?’ आणि कुस्करली.

आजींनी मात्र एक तुकडा बुडवला, सावकाश चावला, माझ्या पाठीवर थोपटलं.

‘छान झालीये हं. आता यात जरा चवीला काहीतरी घाल.’