नाक सांभाळून बाग राखण्याची रीत

प्रस्तुत मार्गदर्शन सावर्डे पंचक्रोशीतल्या अशा बागायतदारांसाठी आहे, ज्यांचा बागेवर जीव आहे पण ज्यांच्या नाकाचं बागेशी पटत नाही. बागायतदार म्हणवून घेण्यासाठी पाच-सहा कलमं, दोन माड आणि विहिरीच्या कडेला जास्वंद एवढं पुरेसं आहे. मुंबईहून निवृत्त होऊन गावी आलेल्यांना कलमांची अटही शिथिल करण्यात आली आहे.

सुरुवात निदानापासून. सकाळी परसात पाय ठेवला की शिंकांची माळ, नाकातून पाण्यासारखी धार, टाळूला आतून खाज, डोळे लाल. अंगात ताप मात्र नाही. अशी लक्षणं दिसली की रुग्णाने स्वतः काही ठरवू नये. ठरवायला वाडी समर्थ आहे. गडग्यापलीकडून जाणारा प्रत्येक जण थांबून एकेक निदान देऊन जातो: थंडी बाधली, रात्री दही खाल्लंत, हायवेची धूळ गेली. आणि सगळ्यात मानाचं निदान म्हणजे, "मोहोर बाधतोय हो तुम्हाला." दह्याने शिंकणारा माणूस बिचारा वाटतो. मोहोराने शिंकणारा मात्र घरंदाज वाटतो. "यंदा मोहोर फार उग्र आहे" असं नाक पुसत सांगणाऱ्याच्या आवाजात तक्रार कमी आणि झाडं भरून मोहोरल्याची जाहिरात जास्त असते.

अडचण एवढीच, की हे गृहस्थ नवरात्रापासून शिंकत असतात आणि मोहोर तेव्हा फुटलेलाही नसतो. आंब्याचे परागकण तसे जड आणि चिकट, वाऱ्यावर लांब न जाणारे. त्यांची ने-आण मुख्यतः माश्या करतात, तेव्हा न्यायाने पाहता या प्रकरणात माशी शिंकायला हवी. मोहोराचा वास चिडलेल्या नाकाला झोंबतो हे खरं, एखाद्याला तो खरोखर बाधतही असेल. पण दसऱ्याच्या शिंकांचं खापर पौषातल्या मोहोरावर फोडणं हा हापूसवर अन्याय आहे.

खरा आरोपी पायाशी उभा असतो. गौरी-गणपती पोहोचवून मंडळी मुंबईला परतली, की कलमांखालचं गवत बघावं. कमरेच्या वर गेलेलं असतं आणि त्याला तुरे आलेले असतात. उन्हाची तिरीप आली की एखाद्या तुऱ्यावर (नाक रुमालात ठेवून) हलकेच टिचकी मारावी. पिवळट धुरळा उडतो आणि क्षणभर उन्हात तरंगतो. तोच तुमचा रोग. गवताला माशीची खुशामत करावी लागत नाही; त्याचा सगळा कारभार वाऱ्यावर. म्हणून ते पराग हातचं न राखता उधळतं, आणि त्यातला काही वाटा तुमच्या नाकपुड्यांना मिळतो. शरीर त्या निरुपद्रवी कणांना शत्रू समजून हिस्टामिन सोडतं, आणि मग पुढचे दोन तास माणूस कामाचा राहत नाही. भात हेसुद्धा गवतच. घरात अशा वेळी जो काढा हातात देतात, त्यातला गवती चहाही त्याच घराण्यातला. आरोपीच्या भाऊबंदाने केलेला पाहुणचार समजून तो गरम गरम घ्यावा. वाफेने बरं वाटतं.

भलत्यावर आळ घेण्याची ही खोड फक्त कोकणातली नाही. इंग्लंडात जॉन बोस्टॉक या डॉक्टरने 1819 साली स्वतःचंच दुखणं वैद्यकीय सभेपुढे मांडलं. उन्हाळा, उष्मा, धूळ, फुलांचे वास अशा कित्येकांवर नंतर संशय घेऊन झाला. शेवटी चार्ल्स ब्लॅकली या मँचेस्टरच्या गृहस्थाने गवताचे पराग मुद्दाम आपल्याच नाकात घालून पाहिले, पतंगाला चिकट काच बांधून उंचावरच्या हवेतले कण धरून आणले आणि 1873 साली पुस्तक लिहून गवताला दोषी ठरवलं. स्वतःच्या नाकाशी इतकं वैर इतिहासात विरळाच. त्याच ब्लॅकलीने आणखी एक नोंद केली होती: हा आजार शिकल्यासवरल्या लोकांत दिसतो, रानात राबणाऱ्या शेतकऱ्यांत क्वचित. आमच्याकडच्या निवृत्त मंडळींना ही नोंद फार आवडते.

आता प्रत्यक्ष कृती. बागेची बेणणी पूर्वी विळ्याने व्हायची. हल्ली ग्रासकटर येतो. त्याचा आवाज डेरवणपर्यंत जावा अशी मालकाची इच्छा असते, आणि काम नीट चाललंय की नाही हे बघायला तो स्वतः वाऱ्याच्या खालच्या अंगाला, कमरेवर हात ठेवून उभा राहतो. गवताचा तुरा, देठ, बी, माती आणि पराग यांचं इतकं बारीक मिश्रण दुसऱ्या कुठल्याही यंत्राला जमत नाही. ज्यांना एका दिवसात पुऱ्या मोसमाच्या शिंका उरकायच्या असतील, त्यांच्यासाठी ही जागा उत्तम. इतरांनी त्या दिवशी चिपळूणला काम काढावं. खरं तर गवत तुऱ्यावर येण्याआधीच एक हात फिरवून घ्यावा. पण तेव्हा घरात गणपती असतात आणि गडी मिळत नाही, हे मार्गदर्शकालाही माहीत आहे.

स्वतःच कामाला उतरायचं असेल, तर पावसाची सर येऊन गेल्यावर उतरावं. कण खाली बसलेले असतात. कोरड्या, वाऱ्याच्या सकाळी नको. नेमकं निघताना शिंक आली तर घरातलं वडीलधारं माणूस "जरा बस, पाणी पी, मग जा" म्हणतं. शकुनशास्त्र आणि वैद्यकशास्त्र यांचं एकमत होण्याची ही दुर्मीळ वेळ असते, वाया घालवू नये. डोळ्यांवर साधा चष्मा, तोंडावर कोविडातला उरलेला मास्क, नाकपुडीच्या कडेला व्हॅसलिनचं बोट. हा अवतार पाहून कुत्रं भुंकेल, त्याला नावाने हाक मारावी. परत आल्यावर थेट माजघरात शिरू नये. कपडे बाहेर उतरवून डोक्यावरून आंघोळ करावी, कारण केसांत अडकलेला पराग रात्री उशीवर उतरतो. आणि ते धुतलेले कपडे पुन्हा परसातल्या दोरीवर, गवताच्या तुऱ्यांना टेकवून वाळत घालू नयेत. ही सूचना घरातल्या ज्या व्यक्तीला करायची, तिच्या मनःस्थितीचा अंदाज आधी घ्यावा.

औषधांबद्दल थोडं गंभीरपणे. दुकानातून आणलेल्या जुन्या पद्धतीच्या गोळीने शिंका थांबतात, पण माणूसही थांबतो. ती घेऊन माडावर चढू नये, ग्रासकटर हातात धरू नये आणि हायवेला गाडी काढू नये. कमी झोप आणणाऱ्या नव्या गोळ्या आहेत. नाक चोंदल्यावर घालायचे थेंब जादूसारखे चालतात, म्हणूनच धोक्याचे. चार-पाच दिवसांपुढे घातले तर नाक त्यांच्यावाचून उघडायचं नाव घेत नाही. डॉक्टर स्टिरॉइडचा फवारा देतात तो वेगळा. त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात, म्हणून मोसमाच्या आधीच सुरू करायचा असतो. आंब्यावर तुडतुडे दिसायच्या आधी फवारणीचं वेळापत्रक भिंतीला लावणारा बागायतदार स्वतःच्या नाकाचा फवारा मात्र दोनदा मारून "काही उपयोग नाही" म्हणून देव्हाऱ्यामागे ठेवून देतो. फवारा मारायचीही रीत आहे: उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या, टोक मधल्या पडद्याकडे नव्हे तर त्याच बाजूच्या कानाकडे. पंप पाठीला लावून सबंध कलम भिजवणाऱ्याला हे जमू नये असं काही नाही.

गडग्यावरची खाजकुयली या मार्गदर्शनात बसत नाही. ती ॲलर्जी नव्हे, उघड मारामारी आहे. पुढे भाजवळीचा धूर सुरू होतो, तोही पराग नव्हे. पण चिडलेलं नाक एवढा भेद करत नाही. फुलझाडांना मात्र भिऊ नये. जास्वंद, अबोली, सोनचाफा यांचे पराग वाऱ्याच्या भरवशावर नसतात. बिनधास्त लावावीत.

एवढं करूनही शंका उरली तर डेरवणला वालावलकर रुग्णालय जवळच आहे. तिथे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. ॲलर्जीची चाचणी करायची झाली तर हातावर निरनिराळ्या परागांचे थेंब टाकून सुईने हलकेच टोचतात, आणि ज्याने गांधी उठते तो आपला. आधी काही दिवस शिंकांची गोळी बंद ठेवावी लागते, हे डॉक्टर सांगतील. गवताच्या थेंबाखाली गांधी उठली तर खचून जाऊ नये. वाडीत मोहोरच सांगावा.

राहता राहिला ग्रासकटर चालवणारा. मालक चिपळूणला जाऊन कटिंग चहा पीत बसलेला असताना तो दिवसभर त्या धुरळ्यात असतो, आणि ब्लॅकलीचं पुस्तक त्याने वाचलेलं नसल्याने तोही शिंकतो. त्याला चष्मा आणि मास्क द्यावा. उन्हात गुदमरतं म्हणून तो मास्क गळ्यात ओढील. मग काम सकाळच्या वाऱ्यात न काढता सर पडून गेल्यावर काढावं, मधे बसायला वेळ द्यावा, आणि अर्धी बाग उद्यावर गेली तर मजुरी कापू नये.