सगळं येणारा पोरगा पायजे

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत कारखान्यांच्या फाटकांवर पाट्या लोंबकळत असतात: 'पाहिजेत: टर्नर, फिटर, हेल्पर.' पाटी उन्हानं पांढरी पडते, माणूस काही मिळत नाही. जो येतो त्याला एकच काम येतं, आणि मालकाला तर "सगळं येणारा पोरगा पायजे गा!"

असले पोरगे कोल्हापुरात एकदा घाऊक तयार झाले होते. कारखाना होता सिनेमाचा आणि मालक बाबूराव मिस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता ते आणि त्यांचे बंधू आनंदराव सिनेमाच्या नादी लागले आणि स्वतःच कॅमेरा बनवायला बसले. १९१६ मध्ये आनंदराव गेले. मग विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला. पैसा दिला तानीबाई कागलकरांनी. झाली महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू.

आता माणसं. 'सैरंध्री'तल्या भीमाला पैलवान लागतो. तालमींच्या गावात ती अडचण नव्हती. द्रौपदी मिळेना. फाळक्यांनी १९१३ मध्ये हॉटेलातल्या साळुंके नावाच्या पुरुषाला तारामती करून वेळ मारून नेली होती. बाबूरावांनी मात्र गुलाबबाई आणि अनसूयाबाई अशा खऱ्याखुऱ्या स्त्रिया आणल्या आणि पडद्यावर त्यांची कमलादेवी, सुशीलादेवी अशी नावं लावली. १९२० मध्ये चित्रपट आला. तो पाहून टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं.

बाकीची भरती कोल्हापुरी रिवाजानं, पै-पाहुण्यांतून. मॅनेजर बाबूराव पेंढारकरांनी आपला मावसभाऊ चिकटवला: शांताराम वणकुद्रे. नेमणूकपत्र, हुद्दा वगैरे काही नाही. पडेल ते काम. तशात चेहरा बरा दिसला म्हणून 'सुरेखाहरण'मध्ये कृष्ण, आणि 'सिंहगड'मध्ये त्याच विशीतल्या पोराला थेट म्हातारा शेलारमामा! आजच्या भाषेत याला क्रॉस ट्रेनिंग म्हणतात आणि त्यासाठी हॉटेलात दोन दिवस जेवण घालतात.

दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर सगळे असेच तयार झाले. कॅमेरा, रंगकाम, सेट, दिग्दर्शन, एकेकाच्या अंगात दोन-दोन खाती. बाबूरावांचं एवढंच राहून गेलं, की अख्खी कंपनीच पगारावर तयार होतेय हे कुणी मोजलं नाही. १९२९ मध्ये हे तिघे आणि शांताराम असे चौघे उठले, सीताराम कुलकर्णी या सराफाला पाचवा घेतला आणि कोल्हापुरातच 'प्रभात' काढली. बाहेरून आणायचं होतं ते फक्त भांडवल!

गुरूची विद्या गुरूला, असं म्हणून बाबूरावांची बाजू घ्यावी, तर पुढचा हिशेब बघा. १९३३ मध्ये 'प्रभात' पुण्याला गेली. त्याच साली कोल्हापूर सिनेटोन निघाली आणि पेंढारकर, मास्टर विनायक ही 'प्रभात'ची माणसं तिकडे गेली. तिथंही ती फार टिकली नाहीत. १९३६ मध्ये 'हंस पिक्चर्स' काढून मोकळी झाली. धायबरही 'प्रभात'मधून बाहेर पडले.

शेवटी १९४२ मध्ये खुद्द शांतारामबापू निघाले आणि मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढला. नाव ठेवलं राजकमल, वडील राजाराम आणि आई कमल यांच्यावरून. पाच भागीदारांचा अनुभव गाठीशी असल्यावर माणूस आईवडिलांवरच भरवसा ठेवणार की!