बिल आहे का, भाऊ?

जळगावात गोलाणी मार्केटच्या आसपास आणि धुळ्यात आग्रा रोडच्या गल्लीबोळात लॅपटॉपची कुलपं उघडून देणारा भाऊ हमखास सापडतो. पाटीवर रिपेअरिंग, रिचार्ज, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो असं सगळं लिहिलेलं असतं. ज्या कामामुळे त्याचं नाव झालंय, तेवढंच नसतं. सेकंडहँड लॅपटॉप घेऊन फसलेलं गिऱ्हाईक विचारत विचारत येतं. भाऊ मान वर न करता विचारतो, "हाऊ लॅपटॉप कोना शे?"

"मन्हा शे."

"मंग पासवर्ड?"

"तो माहीत नही."

एवढ्या चौकशीवर भाऊचं समाधान होतं.

माल तसा बहुतेक सरळ मार्गाने आलेला असतो. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरलेले लॅटिट्यूड, एलिटबुक, थिंकपॅड लॉटने काढून टाकतात. ते दिल्लीच्या नेहरू प्लेसला किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जातात (त्या रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते सांगितलं तर टॅक्सीवाला आपल्याकडेच बघत बसतो) आणि तिथून खान्देशात उतरतात. इंजिनिअरिंगच्या पोराला नवा परवडत नाही, हा परवडतो. घरी आणून चालू केला की कळतं, आत दुसऱ्याचंच बिऱ्हाड आहे.

भाऊचा पहिला इलाज म्हणजे अंदाज. आधीच्या मालकाचं नाव पडद्यावर असतंच. त्यापुढे ॲट द रेट, त्यापुढे १२३. याला कुणी हसू नये. नॉर्डपास या कंपनीने २०२३ मध्ये काढलेल्या यादीत जगात सर्वांत जास्त वापरला जाणारा पासवर्ड १२३४५६ हाच होता. एकदा का असा अंदाज लागला, की भाऊ वर्षभर तो किस्सा सांगतो. नाही लागला तर, "फॉरमॅट मारी देऊ?" आतला डेटा गिऱ्हाइकाचा नसतोच, त्यामुळे ते लगेच मान हलवतं. विंडोजचा पासवर्ड विंडोजसकट जातो आणि दोघंही खूश.

खरी परीक्षा बायोसच्या कुलपाची. चालू करताच, विंडोज यायच्या आधीच, काळ्या पडद्यावर एक छोटी चौकट येते. इथे भाऊ शर्टाच्या बाह्या सरसावतो. लॅपटॉप उलटा करतो, स्क्रू सोडवून चहाच्या बशीत टाकतो, बॅटरीची पिन काढतो आणि मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल नखाने उचकटतो. तीन व्होल्टचा सीआर २०३२. तो शर्टाला पुसून, उजेडात धरून बघतो. सेलमध्ये बघण्यासारखं काही नसतं, पण गिऱ्हाईक समोर उभं असतं. मग पॉवरचं बटण दाबून धरायचं. जुन्या डेस्कटॉपवर या विद्येने पासवर्ड उडायचा, आणि भाऊचं नाव त्याच काळात झालं. काही जुने लॅपटॉप तर तीनदा चुकीचा पासवर्ड टाकला की पडद्यावर एक आकडा दाखवायचे आणि त्या आकड्यावरून मास्टर पासवर्ड निघायचा. आता तसं राहिलं नाही. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड सेलच्या जिवावर नसतोच. तो वेगळ्या चिपमध्ये बसलेला असतो. तो विसरला तर मदरबोर्ड बदला, असं खुद्द लेनोवोच सांगते. सेल परत बसवला तरी चौकट जागची हललेली नसते. बशीतला एक स्क्रू मात्र कमी भरतो.

त्याहून कठीण प्रकार विंडोजच्या ऑटोपायलटचा. भाऊ नवीकोरी विंडोज टाकतो, वायफाय जोडतो आणि स्वागताच्या पडद्यावर हिंजवडीतल्या कुठल्याशा कंपनीचं नाव झळकतं. खाली ऑफिसचा ईमेल मागितलेला. देवपूरच्या बारावीतल्या पोराला नोकरी न देताच कामावर बोलावणं! मायक्रोसॉफ्टकडे त्या मशीनची नोंद कंपनीच्या नावावर असते आणि कंपनीने ती काढेपर्यंत कितीही फॉरमॅट मारले तरी पुन्हा हेच स्वागत. खरं तर अशा वेळी विकणाऱ्याला गाठावं, त्याच्यामार्फत कंपनीला नोंद काढायला सांगावं किंवा लॅपटॉप परत करावा. पण 'परत करा' हे भाऊच्या तोंडून निघत नाही. त्यात त्याची विद्या हरते.

म्हणून तो दुसरंच वाक्य काढतो. खुर्ची मागे सरकवतो, चेहरा गंभीर करतो आणि म्हणतो, "बिल आहे का, भाऊ?" मघापर्यंत अहिराणीत चाललेला व्यवहार एकदम शुद्ध मराठीत येतो. "चोरीचा निघाला तर? आपण असली कामं करत नाही." जे कुलूप उघडतं त्याला बिल लागत नाही, जे उघडत नाही त्याच्यापुढे मात्र भाऊ कायद्याचा माणूस होतो. कायदा आहेच म्हणा. चोरीचा माल जाणूनबुजून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि वापरलेला लॅपटॉप घेताना सिरियल नंबर लिहिलेलं बिल मागून घेणं शहाणपणाचंच. फक्त हा प्रश्न भाऊला सेल काढायच्या आधी सुचत नाही.

गिऱ्हाईक हिरमुसतं. "धुयाले दखाडी दख," भाऊ उदारपणे सुचवतो. नव्वदेक किलोमीटरवर, एरंडोल-पारोळा ओलांडून, तिथेही असाच एक भाऊ आहे. लॅपटॉप पिशवीत घालून पोरगं एसटी स्टँडकडे निघतं. ते जिना उतरायच्या आत इकडे फोन लागलेला असतो: "आयक, एक थिंकपॅड येई राहिना. पह्यले बिल मांगजो."